साठाखालचे पंच्याहत्तर

'लोखंडी बगळा' या कॉमिकमालेचा मी तेविसावा अंक. मार्च १९८४चा. छत्तीस पाने, दोन पिना आणि मुखपृष्ठाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक किंमत. तेहेतीस वर्षे ती किंमत खोटी होती आणि तिच्याखाली खरी किंमत दबून राहिली होती. आता माझ्या डोक्यावर काहीही उरलेले नाही, म्हणून बोलतो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. माझ्या कोपऱ्यावर काहीतरी डकवले जात आहे, हे मला तेव्हाच कळले होते. ते मी स्वतः सोसले. ते का डकवले, हे मात्र मी शनिवार, १४ ऑक्टोबर २०१७ रोजी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, अमेरिकेतल्या डलूथ शहरातल्या एका चर्चच्या तळघरात, ज्याने डकवले त्याच्याच तोंडून ऐकले. त्याचे नाव ताउनो रन्ताला, राहणार थंडर बे, कॅनडा. पुढे सांगतो त्यातले मी पाहिलेले कोणते, ऐकलेले कोणते आणि माझा नुसता तर्क कोणता, हे शक्य तितके वेगळे ठेवीन. पेटीत बंद राहणाऱ्याने एवढी शिस्त पाळलीच पाहिजे.

माझा जन्म अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका छापखान्यात झाला. माझ्याआधी त्याच यंत्रावरून माझी लाखावर भावंडे उतरली होती. त्या सर्वांच्या कोपऱ्यात 'साठ सेंट' असे होते. मग यंत्र थांबले. एका कामगाराने काळ्या शाईचा साचा काढून दुसरा बसवला.

"कॅनडावाल्यांचं आलं," तो शेजारच्याला म्हणाला. "पंधरा सेंट जास्त."

"का रे? त्यांना बगळा मोठा देतोय का आपण?"

"बगळा तोच. डॉलर बारीक आहे बिचाऱ्यांचा."

यंत्र पुन्हा सुरू झाले आणि मी जन्मलो. कागद तोच, शाई तीच, गोष्टही तीच. किमतीच्या पांढऱ्या चौकटीत तेवढे पंच्याहत्तर. भावंडांमागे आमचे प्रमाण किती होते, हे मला निश्चित सांगता येणार नाही. दहात एकाहून कमी, असे पुढे एका जाणत्या बाईने सांगितले. तेही तिने अंदाज म्हणूनच सांगितले.

गठ्ठ्यात बांधून मला उत्तरेला नेले. थंडर बेमधल्या बे स्ट्रीटवर हेल्वी तुओमिनेन नावाच्या बाईंचे तंबाखू आणि वर्तमानपत्रांचे दुकान होते. तिथल्या तारेच्या फिरत्या स्टँडवर आम्ही पाच जण उभे राहिलो. गिऱ्हाईक यायचे, किंमत बघायचे आणि कुरकुरायचे.

"हेल्वीबाई, हाच अंक सरहद्दीपलीकडे साठला मिळतो."

"मग जा पलीकडे," हेल्वीबाई मान वर न करता म्हणायच्या. "आणि पेट्रोल किती लागलं ते येऊन सांग मला."

महिना संपला की न विकलेल्या अंकांचे काय होते, ते मी त्या स्टँडवरून पाहिले. हेल्वीबाई सुरी घेऊन मुखपृष्ठाचा वरचा पट्टा कापायच्या. तेवढे पट्टे घाऊक व्यापाऱ्याकडे परत पाठवले की त्यांना पैसे परत मिळत. उरलेले धड रद्दीत जाई. आमची किंमत नेमकी त्या पट्ट्यावरच असते. आम्ही इतके थोडे का उरलो, याची निदान अर्धी कारणमीमांसा त्या सुरीत आहे. आम्हा पाचांतले दोघे तिच्याखाली गेले. माझी पाळी त्याच दिवशी होती. पण सुरी चालू असतानाच दार उघडले, थंड वाऱ्याबरोबर गव्हाची धूळ आत आली आणि तिच्यामागून ताउनो आला.

तो तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. बंदरावरच्या धान्याच्या उंच कोठारांत कामाला होता. त्याच्या बाह्यांतून सदैव भुसा गळायचा. मला हातात घेण्यापूर्वी त्याने दोन्ही हात पँटला पुसले. माणसे आम्हांला कशी धरतात यावरून त्यांच्याविषयी पुष्कळ कळते. तो मला अर्ध्याहून जास्त उघडत नसे. वाचताना कॉफीचा कप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवी आणि प्रत्येक घोटासाठी उठून तिथे जाई.

त्याच्याकडे 'लोखंडी बगळा'चे सर्व अंक होते. फक्त सातवा नव्हता. सातव्याचा गठ्ठा घेऊन येणारी गाडी बर्फात अडकून पडली आणि त्या महिन्यात थंडर बेला एकही प्रत पोचली नाही. सहा आणि आठ यांच्या मधे ताउनोने अंकाच्या मापाचा एक कोरा पुठ्ठा ठेवला होता. त्यावर पेन्सिलीने '७' लिहिलेले. आठवड्यातून एकदा तो पेटी उघडी, तेव्हा त्याचे बोट त्या पुठ्ठ्यावर थांबे.

आता जे सांगतो, ते मी पाहिलेले नाही. ताउनोच्या कबुलीतून ऐकले. एप्रिल १९८४मध्ये तो साडेतीन तास गाडी चालवून डलूथच्या कॉमिकच्या बाजारात गेला. हा बाजार वर्षातून दोनदा, चर्चच्या तळघरात भरतो. तिथे ग्लेन शिमान्स्की नावाच्या माणसाच्या टेबलावर सातवा अंक उभा होता. टेबलाच्या कडेला पुठ्ठ्याची पाटीही होती: 'कॅनडाची किंमत असलेले अंक दाखवू नयेत.'

ग्लेन लोहखनिज वाहणाऱ्या रेल्वेवर कामाला होता. त्याच्याकडे तेविसावा नव्हता. तो दुकानात पोचेपर्यंत संपला होता.

"सात विकणार नाही मी," तो म्हणाला. "पण तेवीस आण आणि सात घेऊन जा."

"तेवीस आहे माझ्याकडे."

"कुठून आलास तू?"

"थंडर बे."

"मग नीट किमतीचा आण बाबा. पंच्याहत्तरवाला मला रांगेत बसवता येत नाही. सगळे साठ आणि मधेच एक परदेशी. दातांत चांदीचा दात बसवल्यासारखं दिसतं."

हा समज एकट्या ग्लेनचा नव्हता. त्या काळी सगळेच संग्राहक तसे मानत. आणि कॅनडातले लोकही आपल्या अंकांची किंमत दाखवताना थोडे ओशाळत. एका 'खऱ्या' अंकासाठी स्वतःचे दोन-दोन पंच्याहत्तरवाले देऊन टाकणारी माणसे मी ताउनोच्या घरी पाहिली आहेत.

ताउनोने साठवाला तेवीस सगळीकडे शोधला. मिळाला नाही. परतीच्या वाटेवर, सरहद्दीअलीकडे अमेरिकेतच, ग्रँड मरे गावच्या पेट्रोल पंपावर त्याला त्याच कंपनीचे, त्याच महिन्याचे, प्रेमकथांचे एक कॉमिक दिसले. त्याच्याही कोपऱ्यात पांढऱ्या चौकटीत 'साठ सेंट' होते. चौकट अगदी माझ्या मापाची.

पुढचे मी पाहिले आणि सोसले. ऑक्टोबरमधला रविवार होता, सकाळची वेळ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ताउनोने त्या प्रेमकथेतून किमतीची चौकट नखे कापायच्या कात्रीने कापून घेतली. कापताना एका कडेला केसाएवढी गुलाबी रेष राहून गेली. ते त्या गोष्टीतले संध्याकाळचे आकाश होते. मग त्याने ती चौकट माझ्या पंच्याहत्तरवर बसवली. ती बसवण्यासाठी त्याने खळ वापरली नाही. पोस्टाची तिकिटे वहीत लावायची जी पातळ डिंकाची पट्टी असते, ती वापरली, कारण ती पुढे कधीही सोडवता येते. मला इजा करायला त्याचा हात धजला नाही, असा मी याचा अर्थ लावतो. तो बरोबर असावा.

शनिवार, १३ ऑक्टोबर १९८४. डलूथ. ग्लेनने मला उजेडाकडे धरून पाहिले, पाने मोजली आणि सातवा अंक ताउनोच्या हातात ठेवला. दोघांनी हात मिळवले. ताउनोचा तळवा ओला होता. तो नुकताच माझ्यावरून उचललेला असल्याने मी हे खात्रीने सांगू शकतो.

त्या संध्याकाळी ग्लेनने आपल्या घरी मला नवी प्लास्टिकची पिशवी घातली. त्याआधी त्याचा अंगठा माझ्या वरच्या डाव्या कोपऱ्यावरून एकदा फिरला. ती गोष्ट शेवटी सांगतो.

बावीस आणि चोवीस यांच्या मधे मला जागा मिळाली. दोघे मूळचे साठवाले. दुसऱ्याचा कोट घालून लग्नाला आलेल्या पाहुण्याप्रमाणे मी त्यांच्यामधे अंग चोरून उभा राहिलो. कोणी काही विचारले नाही. न विचारण्याचेही ओझे असते, हे मला तिथे कळले.

जागा कोरडी होती आणि अंधारी होती, तक्रार करण्यासारखी नव्हती. ग्लेनच्या घरी आमच्या पेट्या ज्या खोलीत होत्या, त्याच खोलीत पाहुण्यांची खाट होती. म्हणून मला पुष्कळ ऐकू आले. पुढच्या वसंतातल्या बाजाराला ताउनो त्या खाटेवर झोपला. नंतर दरवर्षी दोनदा. तो येताना थंडर बेचे पर्शियन आणायचा, म्हणजे तळलेला गोल पाव आणि वर गुलाबी साखरेचा जाड थर. ग्लेन म्हणायचा, "एवढा गुलाबी पदार्थ मोठ्या माणसांनी उघड्यावर खाऊ नये," आणि तीन खायचा. हिवाळ्यात दोघे गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायला जात आणि बहुतेक वेळा मासे न आणता परत येत. २००९मध्ये ग्लेनची पत्नी मार्जी वारली. ताउनो बर्फातून गाडी चालवत आला आणि नऊ दिवस राहिला. सकाळी उठून अंगणातले बर्फ ओढायचा, भांडी घासायचा, ग्लेनसमोर बसायचा.

तेहेतीस वर्षांत त्याने आमची पेटी एकदाही उघडली नाही. एवढा हौशी संग्राहक मित्राच्या पेट्यांजवळ झोपतो आणि झाकण उचलत नाही, हे बावीस-चोवीसला विचित्र वाटे. मला वाटत नसे. एका सकाळी त्याने झाकणावर हात ठेवला आणि हाक मारली.

"ग्लेन, तुला एक सांगायचं होतं."

"सांग की."

झाकणावरचा हात उचलला गेला.

"कॉफी संपलीय."

"डब्याच्या मागं दुसरा डबा आहे," ग्लेन म्हणाला.

मग जग पालटले. पालटण्याचे नेमके वर्ष मला सांगता येत नाही. २०१२ ते २०१४च्या दरम्यान केव्हातरी. ज्यांना लोक परदेशी म्हणून बाजूला सारत, त्या पंच्याहत्तरवाल्यांची कोणीतरी मोजदाद केली आणि ते फारच थोडे आहेत, असे निघाले. बाजारातल्या पाट्या उलटल्या. 'कॅनडाची किंमत असल्यास आधी दाखवा.' मागणी वाढली तशा लबाड्याही आल्या. साठवर पंच्याहत्तर चिकटवून विकणारे निघाले. हे सारे मी ग्लेन आणि ताउनो यांच्या बोलण्यातून ऐकले. ग्लेन हसून सांगायचा आणि ताउनो "हो का" म्हणायचा.

ताउनोची अडचण आता दुप्पट झाली होती. पूर्वी सांगितले असते, तर मित्राला हलका अंक गळ्यात मारल्याची कबुली ठरली असती. आता सांगावे, तर डकवलेल्या तुकड्याखाली घबाड आहे आणि हा ते परत मागायला आला आहे, असे दिसणार. खरे बोलण्याचा मुहूर्त त्याने इतका लांबवला होता, की आता खरे बोलणेही लोभासारखे दिसले असते.

त्यातच २०१७मध्ये ग्लेनने मुलीजवळ ॲरिझोनाला राहायला जायचे ठरवले. अकरा पेट्या नेणे शक्य नव्हते. ऑक्टोबरच्या बाजारात त्याने मूल्यमापन करणाऱ्या लिनेआ ब्योर्कमन या बाईंना बोलावले. त्या एका लिलावगृहासाठी काम करत. प्रत्येक अंक त्या भिंगाखाली पाहणार होत्या. त्यांना तुकडा दिसणार, हे ठरलेले होते. आणि सहा आठवड्यांनी ग्लेन दोन हजार मैल दूर जाणार होता. मित्र फसवणारा निघाला हे त्याला परक्या बाईच्या तोंडून कळले, तर ती त्यांची शेवटची भेट ठरली असती. ताउनोला भीती होती ती एवढीच. माझ्या किमतीचा त्या भीतीशी संबंध नव्हता.

त्या सकाळी तळघरात आमची पेटी टेबलावर उघडी होती. शेजारी कॉफीचे मोठे भांडे आणि पर्शियनचा खोका. लिनेआबाईंनी हात धुऊन कोरडे केले आणि पहिल्या अंकापासून सुरुवात केली. दिवा तिरका धरायचा, कडा बघायच्या, पिनांचा गंज बघायचा, पाने मोजायची, आतले कूपन कोणी कापले आहे का ते बघायचे. प्रत्येक अंकाला त्या चार-पाच मिनिटे घेत होत्या. सातव्याच्या जागी कोरी पिशवी होती.

"सात कुठाय?" त्यांनी विचारले.

"दिला," ग्लेन म्हणाला. "या गृहस्थाला. त्याच्या बदल्यात तेवीस घेतला. आमची दोस्ती तिथून सुरू झाली."

ताउनोने पर्शियनचा खोका पुढे सरकवला. "घ्या ना एक."

"कागदाजवळ साखर नको," लिनेआबाई म्हणाल्या आणि आठवा उचलला.

बारा. तेरा. चौदा. ताउनो उठला, खाली बसला, पुन्हा उठला.

"काय झालंय तुला?" ग्लेन म्हणाला. "मुंग्या चावल्यासारखं का करतोयस?"

"काही नाही."

अठरा. एकोणीस. एकोणिसाव्यावर लिनेआबाई जरा थांबल्या. आत कोणीतरी पेन्सिलीने मिशा काढल्या होत्या. ग्लेनने हात वर केला. "मीच. तेव्हा मला खलनायक ओळखू यायचा नाही." वीस. एकवीस. बाविसावा माझ्यासमोरून वर गेला आणि माझ्या अंगावर त्या दिवशी प्रथमच दिव्याचा उजेड पडला. बाविसावा परत आला. बाईंची बोटे माझ्या पिशवीला लागली.

"थांबा," ताउनो म्हणाला.

त्या थांबल्या.

"तो खोटा आहे. म्हणजे अंक खरा आहे. किंमत खोटी आहे. मी चिकटवली."

मग त्याने सगळे सांगितले: पाटी, पेट्रोल पंप, प्रेमकथा, कात्री. मघाशी मी जे सांगितले, ते त्याच क्रमाने. तो ग्लेनकडे बघत नव्हता. खोक्यातल्या गुलाबी साखरेकडे बघून बोलत होता. शेवटी म्हणाला, "खाली पंच्याहत्तर आहे. तो आज महाग आहे, ते मला माहीत आहे. म्हणून सांगत नाहीये. म्हणूनच इतके दिवस सांगता येत नव्हतं."

लिनेआबाईंनी मला पिशवीतून काढले, भिंग लावले आणि कोपऱ्याशी वाकल्या. त्यांचा श्वास मला लागत होता.

"गुलाबी रेष आहे," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं हे काम करतेय मी. साठवर पंच्याहत्तर चिकटवलेले सात अंक पकडले. पंच्याहत्तरवर साठ चिकटवलेला एकही नाही पाहिला. इतका उलटा शहाणा कोण असेल?"

"मी," ताउनो म्हणाला.

"काढू का?" त्यांनी ग्लेनला विचारले.

ग्लेनने मान हलवली. बाईंनी ओलसर टिपकागदाचा कपटा कोपऱ्यावर ठेवला आणि घड्याळ लावून वाट पाहिली. मग पातळ पात्याने कडेखाली अलगद शिरकाव केला. तेहेतीस वर्षांचा डिंक सैल होताना माझ्या कोपऱ्याला प्रथम गारवा लागला, मग हवा. ती हवा कशी होती, हे सांगायला छत्तीस पानेही पुरणार नाहीत. म्हणून सांगत नाही.

"पंच्याहत्तर," लिनेआबाई म्हणाल्या. "काळा ठिपकाही उडालेला नाही. तिकिटाची पट्टी वापरलीत, ते नशीब. खळ असती तर सालपट निघालं असतं."

ग्लेनने मला हातात घेतले. "तेहेतीस वर्षं," तो म्हणाला.

"तेहेतीस वर्षं आणि एक दिवस."

"मार्जी गेली तेव्हा नऊ दिवस बर्फ ओढलंस. ते याच्यासाठी?"

"नाही," ताउनो म्हणाला. त्याने आता वर पाहिले. "ते तुझ्यासाठी. याच्यासाठी काही केलंच नाही मी, तेच तर सांगतोय."

ग्लेनने दिव्याखालचा तो सुटा कपटा उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"प्रेमकथेचा," तो म्हणाला. "माझ्या बगळ्याच्या डोक्यावर प्रेमकथेची किंमत. दुसरी काही मिळाली नाही का रे तुला? युद्धकथा, रहस्यकथा?"

ताउनोच्या तोंडून कसला तरी आवाज आला. हसणे आणि रडणे यांतला फरक पेटीतून ओळखता येत नाही. पण या वेळी मी बाहेर होतो, आणि तरीही मला तो ओळखता आला नाही.

त्याने आपल्या झोळीतून एक पिशवी काढून टेबलावर ठेवली. सातवा अंक. "एकदाच वाचला," तो म्हणाला. "नंतर वाचवेना. पुठ्ठा होता तेव्हा जास्त बरं वाटायचं."

"लिनेआबाई," ग्लेन म्हणाला, "सातची किंमत काय?"

"या अवस्थेत? चौदा डॉलर."

"आणि याची?"

"साठवाला असता, तर वीस-बावीस. हा आठशेच्या घरात जाईल. कोपऱ्यात डिंकाचा पुसट डाग आहे, तो मला लिहावा लागेल."

"मी पैशांचं बोलत नाहीये," ताउनो म्हणाला.

"मी बोलतेय. मला त्याचाच पगार मिळतो."

ग्लेनने सातवा अंक उचलून त्या कोऱ्या पिशवीत घातला आणि मला ताउनोच्या हातात ठेवले. "झालं. फिरवला सौदा. चौदा डॉलर देऊन आठशेचा माल घेऊन चाललास. म्हणजे आजही तूच मला गंडवलंस."

"मग ठेव की तुझ्याकडं. तुझाच आहे."

"ॲरिझोनात नेऊ? बगळ्याला तिथं उभं राहायला पाणी तरी आहे का? ने त्याला घरी. एकच अट. विकायचा नाही, आणि याच्या डोक्यावर पुन्हा काही लावायचं नाही."

"दोन झाल्या."

"तुला एकाच्या पुढं मोजता कधीपासून यायला लागलं?" ग्लेन म्हणाला आणि त्याने खोक्यातला पर्शियन उचलला. दुसरा ताउनोला दिला. लिनेआबाईंनी आम्हा सर्वांना दोन हात मागे ओढले.

दुपारी ताउनो उत्तरेला निघाला. मी त्याच्या शेजारच्या आसनावर, पट्टा लावून. सरहद्दीवरच्या खिडकीतली बाई तरुण होती.

"अमेरिकेतून काही आणलंय?"

"एक कॉमिक."

"किंमत?"

ताउनोने मला काचेपाशी धरले. "छापलेली पंच्याहत्तर सेंट. पण आज सकाळी एकीने आठशे सांगितलीय. अमेरिकेचे आठशे. डिंकाचा डाग धरून."

न विचारलेले इतके सारे सांगणारा माणूस तिला त्या दिवसात बहुधा पहिलाच भेटला असावा. ती किंचित वाकली. "हा तर इथलाच अंक दिसतोय."

"हो. बाहेर गेला होता."

"कधी?"

"चौऱ्याऐंशीत."

"मग घरीच चाललाय," ती म्हणाली. "त्याच्यावर काही लागत नाही. जा."

घरी पोचल्यावर ताउनोने कपाटाच्या तळातून ते प्रेमकथांचे कॉमिक काढले. कोपऱ्याला चौकोनी भोक पडलेले, तरी त्याने ते इतकी वर्षे टाकले नव्हते. निघताना ग्लेनने हातात ठेवलेली साठची चौकट त्याने, एक नवी डिंकाची पट्टी लावून, त्या भोकात परत बसवली. गुलाबी रेष आकाशाला बरोबर जुळली. त्या कॉमिकचे मुखपृष्ठ मी शेवटचे पाहिले, तेव्हा ते मला पूर्ण दिसले.

आज मी थंडर बेमध्ये, बावीस आणि चोवीस यांच्या मधे आहे, दोघेही पंच्याहत्तरवाले. सहा आणि आठ यांच्या मधे '७' लिहिलेला पुठ्ठा परत आला आहे. माझा कोपरा थोडा पिवळट पडला आहे, दुसरे काही दुखत नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल, तर माझी एवढीच विनंती आहे: त्याच्यावर जे छापले आहे, ते तसेच राहू द्या. ज्याची आज लाज वाटते, त्याचे उद्या काय होईल, हे आपल्याला ठाऊक नसते. आणि काही झाले नाही, तरी अंग मोकळे राहते.

ग्लेन दर रविवारी ॲरिझोनाहून फोन करतो. परवा ताउनोने त्याला विचारले, "खरं सांग, तुला तेव्हाच कळलं होतं का?" फोनमधून उत्तर आले ते मीही ऐकले: "अरे, इथं आज रस्त्यावर अंडं तळता येईल इतकं ऊन आहे, आणि तू मला कसलं विचारतोस?" मग त्याने पर्शियन पार्सलने पाठवता येतील का, असे विचारले.

दोन गोष्टी माझ्याजवळ आहेत. एक मी ऐकलेली: 'कॅनडाचे अंक दाखवू नयेत' ही पाटी १९८५च्या वसंतातल्या बाजारात ग्लेनच्या टेबलावर नव्हती आणि पुढे कधीही दिसली नाही. मार्जीने ती चुकून चुलीत घातली, असे त्याने ताउनोला सांगितले होते. दुसरी मी स्वतः अनुभवलेली: १३ ऑक्टोबर १९८४च्या संध्याकाळी त्याचा अंगठा माझ्या कोपऱ्यावरून फिरला आणि चिकटवलेल्या कडेवर थांबला. एका श्वासाएवढाच, मग त्याने मला पिशवीत घातले. रेल्वेवर काम करणाऱ्याची कातडी जाड असते. त्याला ती कड लागली असेल किंवा नसेल. एवढ्याच एका गोष्टीची खात्री मला आजवर करून घेता आलेली नाही.